समास

सदरच्या त्या मोठ्या कार्यालयासमोर
झेरॉक्सवाल्याच्या अर्ध्या गाळ्यात
माझं एक टेबल आहे.
तेवीस वर्षं दुसऱ्यांची घरं काढतो मी,
एकास शंभर प्रमाणात.
माझं स्वतःचं भाड्याचं, मानेवाड्यात.

परवा पार्बताबाई नेवारे आल्या,
बेलटोल्याहून, उमरेड रोडची बस धरून.
पिशवीतून आधी काढली अंबाडीची जुडी,
मग सातबारा, मग नमुना आठ,
मग घड्या घालून घालून चौकोन झालेली नोटीस
आणि शेवटी, खूप खालून, चष्मा.

"वाच बापू. मले तं नुसता शिक्का दिसते."

गट क्रमांक चौसष्ट. विनापरवाना बांधकाम.
एक खोली, एक मोरी, एक संडास.
संडास सरकारच्याच योजनेतला,
त्याच्यापुढं त्यांना उभं करून
साहेबांनी फोटो काढला होता.

मी गावनकाशा उलगडला.
गावठाणाची हद्द म्हणजे एक तुटक रेघ.
ती सरपंचाच्या गोठ्याला वळसा घालते,
मारुतीच्या पारामागून जाते
आणि पार्बताबाईंच्या घरात शिरते
न विचारता.
चूल गावठाणात.
मोरी शेती विभागात.
भात शिजवला तर घर,
भांडी घासली तर गुन्हा.

"जागा कोनाची?"
तुमची.
"सातबाऱ्यावर नाव कोनाचं?"
तुमचंच. सासऱ्यांच्या नावाला कंस झालाय,
त्याखाली तुमचं.
"मंग माह्या जाग्यावर माही मोरी,
तिचं पानी काय मंत्रालयात जाते?"

नाही जात.
नाल्यात जातं.
आणि त्या नाल्याबद्दल मला तोंड उघडवेना.
मागच्या वर्षी त्यानंच खालच्या ले-आउटमधल्या
वीस घरांत गुडघाभर गाळ भरला.
त्या घरांचे नकाशे माझे.
कागदावर नाला तीन मीटर सरकवला होता
मीच, पट्टीनं, चहा पिता पिता.
म्हणजे नियम अगदीच खुळा नाही.
फक्त त्याला पार्बताबाईंची मोरी लवकर दिसते.

कोरा कागद लावला.
"चारही बाजूंनी समास सोडावा लागेल, बाई."
"कायचा समास?"
मोकळी जागा. तिथं काही बांधायचं नाही.

त्या हसल्या. चौथीपर्यंत शिकल्यात.
"शाळंत बी असंच होतं.
वही आपली, पैसे बापाचे,
पन रेघेच्या तिकडं आपन नाही लिवाचं.
तिकडं मास्तर लिवे. लाल शाईनं."

मी पेन्सिल खाली ठेवली, थोडा वेळ.
झेरॉक्सचं यंत्र कुणाचं तरी आधार कार्ड
पुन्हा पुन्हा काढत होतं.

मग विचारलं, त्या पट्टीत सध्या काय आहे?
"अंबाडी. एक पपई. सुनेनं डब्यात लावलेली तुळस.
नातवाची सायकल रायते, पडूनच."

नकाशात झाडाला खूण असते, छोटा गोल.
विहिरीला असते, विजेच्या खांबालाही.
अंबाडीला नाही.
पडलेल्या सायकलला नाही.
समास कोरा दाखवावा लागतो.
कोरा दाखवला.

तीनच्या सुमारास फाईल आवकला दिली.
खिडकीतल्या पोरीनं नंबर टाकला.
बाईंनी तो माझ्या पेनानं
तळहातावर उतरवून घेतला,
पोचपावती हातात असूनही.

"आता मोरीत पानी सोडू, का थांबू?"

नियमावली तीनशे पानांची आहे,
मला जवळजवळ पाठ आहे.
"सोडा," म्हटलं. "हळू सोडा."

संध्याकाळी टेबल आवरताना
खाली अंबाडीची जुडी दिसली,
मुळांना अजून माती.
गट चौसष्टची असणार, मूठभर,
हद्द ओलांडून सदरपर्यंत आलेली.
झटकायला हात उचलला
आणि तशीच ओल्या फडक्यात गुंडाळून
घरी नेली.