सूक अल-मनाखमधला चहा

मनाख म्हणजे उंट बसवायची जागा.
आता तिथे उंट नाहीत. गार हवेचे गाळे आहेत,
खाली मोटारी, वर टेलिफोन,
वाळूचा कण आत येऊ नये म्हणून काचांना रबर.

हे सगळं मला खुदानजरनं सांगितलं,
जो तिथे चहा द्यायचा.
तो जिथे अडखळला तिथे मी भरलं आहे.

बर्जस रोज येऊन बसे.
वय ऐंशी असेल, किंवा शहात्तर;
त्याच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नव्हती,
बापाच्या कर्जाची ठेवली होती.
ते फेडायला एकोणीस मोसम तो मोत्यांसाठी बुडाला
नाखव्याच्या होडीवरून.
(नाखवा. त्यांच्याकडेही जवळपास हाच शब्द.)

पुतण्या मिशारी समोरच्या गाळ्यात.
त्या दिवशी त्यानं विकत घेतली अर्धी कोंबडी-कंपनी,
जिनं अजून एक अंडं पाहिलेलं नव्हतं.
चेक दिला, तारीख पुढच्या ऑगस्टची.
घेणाऱ्यानं त्या चेकवर दुसरा चेक फाडला,
त्या चेकवर तिसऱ्यानं निळी मर्सिडीज उचलली,
आणि मर्सिडीज बघून चौथा म्हणाला,
माणूस भरवशाचा आहे.

डॉक्टर रम्झी कैरोचे, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे.
कागदी रुमालावर त्यांनी एक रेघ काढली,
वर जाणारी, मग कड्यावरून पडणारी.
मिशारी हसला.
"डॉक्टर, ही पुस्तकं थंड देशांत लिहिलेली.
तिथे पाऊसही मोजून पडतो.
इथे जमिनीला भोक पाडलं की पैसा.
मागे पडलं तेव्हा सरकारनं भरलं. पुन्हा भरेल."

डॉक्टरांनी रुमालाची घडी केली.
परक्यांना शेअर घेता येत नसत,
म्हणून त्यांचे चारशे मिशारीच्याच नावावर होते.
घडी खिशात गेली.

मग बर्जस बोलला, कुणी विचारलं नसताना.
"होडीवर एकाच्या हातात दोर असतो.
तो पाण्याकडे बघत राहतो.
बारीक बारीक बुडबुडे येतायत तोवर ठीक,
खालचा माणूस शिंपले काढतोय.
एकदम मोठा आला
की विचार करायचा नाही, ओढायचं.
बुडबुडा पाण्याचा नसतो, पोरा.
तो खालच्या कुणाच्या तरी छातीतला असतो."

"आणि सगळीकडे असंच?" डॉक्टरांनी विचारलं,
खरंच जाणून घ्यायला.

"मी बहारीनला बुडलो, सिलोनलाही बुडलो.
मीठ वेगळं, मासे वेगळे, शिव्या वेगळ्या.
छाती तीच."
मग तो थांबला. खोटं बोलायची सवय नव्हती त्याला.
"नाही. एक सुवैलिम होता.
आमच्या दुप्पट वेळ खाली राहायचा.
त्याला नियम लागू नव्हता.
तीन मोसम."
चहा निवला. चौथ्या मोसमाचं
कुणी विचारलं नाही.

ऑगस्टची वाट बघायला लागलीच नाही.
कुणाला तरी पोरीच्या लग्नासाठी रोख हवी होती म्हणे,
किंवा नुसती झोप लागत नव्हती;
त्यानं आजचा आज चेक बँकेत टाकला.

खुदानजर म्हणतो, आवाज काहीच झाला नाही.
टेलिफोन वाजत राहिले, एवढंच.
सगळ्या गाळ्यांतले, एकदम,
आणि उचलायला कुणी हात पुढे करेना.
काचेला ते रबर होतंच.
बाहेर त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

कितीचा आकडा होता, तो मी इथे लिहीत नाही;
शून्यं मोजताना मी दोनदा चुकलो.
चहाचे पैसे मात्र त्याला पाठ आहेत:
मिशारीकडे साडेचार दिनार,
डॉक्टरांकडे एक.

संध्याकाळी मिशारी बाहेर आला,
काकाशेजारी फरशीवर बसला, गुडघे दुमडून,
पूर्वी तिथे जे बसत तसा.
बर्जसनं त्याच्याकडे पाहिलं नाही.
समोर पाहिलं, जिथे नुसता डांबरी रस्ता होता,
आणि विचारलं,
"खाली जाऊन किती वेळ झाला?"

"दीड वर्ष."

म्हाताऱ्याच्या मुठी आवळल्या,
एकामागून एक, मागे सरकू लागल्या,
हातात दोर नसताना.