पापणीचा केस

डुलुथला आज उणे सत्तावीस.
सरोवर दीपस्तंभापर्यंत थिजलंय,
गाड्यांच्या बॅटऱ्या रात्रीत मेल्यात,
आणि आयली राउतिओ बूट झटकून थेट
उणे ऐंशीच्या फ्रीजरपाशी जाते.
बाहेरचे अंश वेगळे, आतले वेगळे;
बोटांना तो हिशेब कळत नाही.

खोका चौदा, सहावी ओळ.
करंगळीच्या पेराएवढी कुपी,
लेबलावर लेरॉय बोल्यूचं अक्षर,
साताच्या पोटात आडवी रेघ:
सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर.
तेव्हा तो रोज दुपारी एक उकडलेलं अंडं खायचा
आणि टरफलं कागदात गुंडाळून खिशात ठेवायचा.
का, ते कुणी विचारलं नाही.

नैरोबीहून एका मुलीने लिहिलंय:
तुमच्याकडचा तो मागे सरता न येणारा वाण
अजून आहे का?
असला, तर पाठवाल?

आयली कुपी मुठीत धरते.
बर्फ आधी पांढरा, मग राखाडी, मग पाणी.
थेंब आगरच्या बशीत, जिवाणूंच्या सायीशेजारी.
आता थांबायचं.

मिलिमीटरभर जीव,
काचेचा असावा तसा; आतली अंडीसुद्धा मोजता येतात.
नऊशे एकोणसाठ पेशी.
एकेकीची वंशावळ
कुणी कुणी उमेदीची वर्षं घालून लिहून ठेवलेली.
आयलीला सकाळची गोळी घेतली की नाही
हे डबी उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

तासाभराने तिसरा हिस्सा हलतो.
बाकीचे सरळ, काड्यांसारखे.
त्यांचं काही म्हणणं नाही.

खणातून ती दातकोरणी काढते,
टोकाला नेलपॉलिशने चिकटवलेला पापणीचा केस.
तार टोचते. केस नुसता विचारतो.
नाकाला शिवलं की मागे सरायचं,
एवढं या जातीला शिकवावं लागत नाही.
हा मात्र सरत नाही;
जागच्या जागी वेटोळं.
अख्ख्या पोथीत एक अक्षर चुकलेलं,
वेलांटी बदलून दिनाचा दीन झालेला,
आणि त्या चुकीमुळेच तर कळलं
ती ओळ मुळात काय सांगत होती.

केस लेरॉयचा आहे.
त्याला जाऊन नऊ वर्षं झाली,
पापणी अजून कामावर येते.
नवीन आलेली पोरं विचारतात, हा कोणाचा?
आयली म्हणते, जुना आहे, जपून वापर.

वेटोळं अलगद नव्या बशीत.
चार दिवसांत बशी भरेल,
यांना नर लागतोच असं नाही.
मग कडेला चिकटपट्टी, जाड लिफाफा,
आणि कस्टम्सच्या फॉर्मवर किंमतीच्या रकान्यात
ती शून्य लिहिते,
खोडते,
एक डॉलर लिहिते. शून्याला तिथे फार प्रश्न विचारतात.

खाली आवारात कुणीतरी
एका बॅटरीतून दुसरीला तारा जोडतंय.
गाडी दोनदा खोकते.
आयली पेन हातात धरून ऐकत राहते.