अर्धा तास

सांगलीच्या मार्केट यार्डात, सहा नंबरच्या गोदामात
बावीस वर्षं मी कोरडाच झाडू मारला.
शटर वर गेलं की उन्हाची पट्टी आत यायची
आणि तिच्यात हळदीची धूळ उभी राहायची.
सोनं उडतंय, म्हणायचे मी.

मुजावर सिस्टर आल्या, थप्पीमागं वाकल्या.
काळ्या तांदळाएवढ्या लेंड्या, भिंतीकडेनं रांगेत.
"झाडू ठेवा खाली, शेवंताबाई.
आधी ब्लीचचं पाणी मारा, अर्धा तास थांबा,
मग ओल्या फडक्यानं टिपा. उडवायचं नाही.
उंदरानं चावायलाच पाहिजे असं नाही,
त्याचं वाळलेलं मूत श्वासातनंही आत जातं."

पोती शिवणारा धुळाप्पा
दुपारी तिथंच टेकायचा, थप्पीमागं, गारव्याला.
दोन वर्षांमागं ताप आला, मग दम.
मिरजेला पाच दिवस.
कशानं गेला, ते कुणी सांगितलं नाही.
मी सिस्टरला विचारायला तोंड उघडलं
आणि पाण्याची बादली कुठाय, ते विचारलं.

मग आठवडाभर भोकं बुजवली.
बोट शिरलं की पिलू शिरतं म्हणे.
भांड्याच्या तारेच्या घासण्या कोंबल्या, वरनं सिमेंट,
दाराच्या बुडाला पत्रा.
पोती भिंतीपास्नं हातभर सरकवा म्हटल्यावर
मगदूम अण्णा कळवळले,
"हातभर जागा म्हणजे चाळीस पोत्यांचं भाडं, बाई!"
सिस्टरनी वहीत काहीतरी लिहिलं.
अण्णांनी हमालांना हाक मारली.

पहिल्या रात्री पिंजऱ्यांत सात.
खमंग शेंगदाण्याला भुलले.
हातमोजे माझ्या हाताला ढगळ,
बोटांची टोकं रिकामीच लोंबत होती.
सातवी पोटुशी होती.
खड्डा मी सांगितल्यापेक्षा खोल काढला,
चुना टाकला, माती लोटली,
कुणाला काही बोलले नाही.

आता रोज अर्धा तास रिकामा सापडतो.
इतक्या वर्षांत यार्डानं असा कधी दिला नव्हता.
फरशी भिजत पडलेली, वास नाकात झोंबणारा,
मी दाराबाहेर तराजूच्या कट्ट्यावर बसून असते.
सौदे सुरू होतात, पलीकडे कुणीतरी बोली ओरडतं.
ऊन सरकत सरकत आत जातं,
धुळाप्पाच्या जागेपर्यंत.
मी डोळे बारीक करून बघते.
पट्टीत काही उडत नाही.