वाकडं बोट

शारजा, रोला, सहावा मजला.
एसीच्या पेटीवर कबुतरं चोच उघडी ठेवून बसलेली.
परमिटचे पैसे भरायचेत एकोणीस तारखेला
आणि त्याआधी उम्म सैफचा बखूरचा डबा
छापायला जायला हवा.

तिला झाकणावर आजीचे हात हवेत.
फोटो नाही. आजीने कधी काढू दिला नाही.
व्हॉइस नोट आहे, एक मिनिट बारा सेकंदांची,
अर्धी अरबी, अर्धी माझ्यासाठी सावकाश हिंदी:
निखारा चिमट्याने नाही, बोटांनी उचलायची ती.
आणि उजव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं बोट
वाकडं होतं. लिहून घे. वाकडं.

मी लिहून घेतलं, यंत्राला सांगितलं:
म्हातारीचे हात, मेंदी विटलेली, धूपदाणी, धूर.
अकरा सेकंदांत चार चित्रं.
पूर्वी एवढ्या वेळात
माझं खोडरबरसुद्धा सापडत नसे.

खोटं कशाला बोलू, मला आवडली.
धूर तर असा, की मी उठून
गॅस बंद आहे ना ते पाहून आले.

पण बोटं सरळ.
'वाकडं' लिहिलं. सरळ.
'संधिवात' लिहिलं, तर दहाच्या दहा पिळवटली,
आल्याच्या गड्ड्यासारखी.
'फक्त एक' म्हटलं,
तर सहा आली, आणि सहावं सगळ्यांत देखणं.
चिडून मराठीत लिहिलं, अनामिका,
तर एका मुलीचा चेहरा आला,
कानात झुमके, जरा लाजलेली.

रात्रीचा दीड.
सरळ बोटाने तूप निघत नाही, आई म्हणायची.
याने तुपाच्या लाखो बरण्या पाहिल्या असतील,
हात एकीतही घातलेला नाही.

कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले.
मल्लेशम जागा होता, आमचा नातूर, जगित्यालचा.
पिशवी घ्यायला त्याने हात पुढे केला
आणि मी पिशवी सोडलीच नाही.

अजमानला, शटरिंगची प्लेट, तो म्हणाला. जुनं आहे.
काढू का? म्हटलं.
फोटो?
नाही, चित्र.
तोंडाचं?
नाही. या बोटाचं.
तो हसला. मग आत जाऊन
साबणाने हात धुऊन आला.

लिफ्टसमोरच्या दिव्याखाली, स्टुलावर,
कुरिअरच्या पावतीच्या मागे
वीस मिनिटं.
मधल्या पेरापाशी वळलेलं,
जणू कुणी मागून हाक मारली म्हणून.
नख काळं, उभं चिरलेलं.
लिफ्ट दोनदा रिकामीच वर गेली, खाली आली.

वर येऊन ते बोट त्या हातावर बसवलं.
उजेड जुळेना, कड दिसत राहिली.
शेवटी यंत्रालाच म्हटलं, एवढी कड तेवढी मऊ कर.
त्याने केली.
तोवर फजरची अजान झाली होती.

दुपारी उम्म सैफची नोट आली, नऊ सेकंदांची.
सात सेकंद काहीच नाही, नुसता श्वास.
मग: हेच.

संध्याकाळी तिच्या मुलाचा मेसेज:
हल्ली हे यंत्रच करतं ना?
दोनशे कमी कराल?

बिल उघडलं. लिहिलं:
नऊ बोटं, यंत्राची, मोफत.
एक बोट, आठशे दिरहम.
पुसलं.
लिहिलं: डिझाइन शुल्क, आठशे.
आणि पाठवण्याआधी बराच वेळ
माझ्याच बोटांकडे पाहत बसले,
यातलं कुठलं खोटं ते कळेना.

डबे छापून आले. एक मल्लेशमला दिला.
बायकोला सांगू का, त्याने विचारलं,
बांगड्या भरलेला हा हात माझा म्हणून?
पुन्हा हसला.
मग डबा दिव्याखाली धरला, डोळ्यांजवळ नेला,
अंगठ्याने झाकण घासून पाहिलं.

बोट माझंच, म्हणाला.
नख माझं नाही.