खालची ओळ

साउथ शील्ड्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात
रोम सकाळी साडेनऊला सुरू होतं,
टेबलावरचे पोह्यांचे कण पुसून झाले की.
विद्यार्थी दोन. शाल्मली, अकरा.
नचिकेत, आठ. शाळेची घंटा झाली
की हा कान झाकून बाकाखाली जायचा,
म्हणून ही घरची शाळा.
शिक्षिका मी. बी.कॉम., जालना.
घड्याळातले आकडे, तेवढंच रोम मला ठाऊक,
त्यातही चारच्या जागी चार उभ्या रेघा का
हे कुणाला विचारायचं राहून गेलेलं.

मी त्यांच्या फक्त एक रात्र पुढे असते.
मुलं झोपली की वाचायला बसते.
मटकीसारखं भिजत घालायचं,
सकाळपर्यंत मोड येतील तेवढे वाढायचे.

नचिकेतला फौजच हवी.
शंभरांचा नायक, मग त्याच्याकडे माणसं ऐंशीच का?
कागदावर शंभर, म्हणाले मी,
आमच्या वर्गाच्या पटासारखं.
त्याला ते पटलं. मला नाही.

एप्रिलात किल्ला उघडला, तसे चढ चढून गेलो.
दोन्ही बाजूंना विटांची घरं, वाळत घातलेले टॉवेल,
मधोमध धान्याच्या कोठारांचे पाये
आणि त्यांवर मालकीहक्कानं फिरणारे समुद्रपक्षी.
आत, संग्रहालयात, ती.
खुर्चीत बसलेली, मांडीवर चाती,
पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली.
चेहरा फुटून गेलाय. वय तीस.
नावाचा अर्थ राणी.

दगड नवऱ्यानं घडवून घेतलेला. तो लांबचा, वाळवंटाकडचा.
वरचा मजकूर लॅटिन, सरकारी,
आणि विभक्ती चुकलेल्या.
कौन्सिलला लिहिलेले माझे पहिले अर्ज आठवले.
खाली मात्र एकच ओळ, उजवीकडून डावीकडे,
त्याच्या गावच्या लिपीत,
हात कुठेही न अडखळता :
तिचं नाव, त्याचं नाव, शेवटी एक शब्द, दुःखाचा.

"मराठीत काय म्हणायचं त्याला?" नचिकेत.
अरेरे? ते दूध उतू गेल्यावर.
हाय हाय? ते मोर्च्यात.
मी शोधत राहिले.
इतकी वर्षं रडले ते कुठल्या शब्दात
ते काही केल्या आठवेना.

शाल्मली पाटी वाचत होती, ओठ हलवत.
"आई, ही त्याची दासी होती.
आधी दासी, मग सोडलं, मग लग्न."
हो.
"तिला विचारलं होतं कुणी?"
फरशी फार स्वच्छ होती तिथली.
"आणि ही तर इथलीच. वरची ओळ रोमची,
खालची त्याची. मग हिची कुठेय?"
मी आदल्या रात्री वाचलेलं सगळं
डोक्यात उलटंपालटं केलं.
मोडच आले नव्हते तिथे.
माहीत नाही, म्हणाले.
रोमच्या धड्यात पहिल्यांदाच म्हणाले,
तर दोघंही माझ्याकडे नीट बघायला लागली.

गुरुवारी कोल्ह्यानं मिरी नेली,
काळ्या ठिपक्यांची कोंबडी.
पिसं उरली, आणि एक पाय.
परसात खड्डा झाला. छपराची पडलेली पाटी आणली,
खिळा आणला.
वर शाल्मलीनं इंग्रजीत कोरलं :
मिरी, कोंबडी, वय दोन, अंडी पुष्कळ.
खाली नचिकेतनं मराठीत,
ऱ्हस्व की दीर्घ ते मला दोनदा विचारून, तरी चुकवून :
मीरी आमची गं.
तो शब्द त्याला सापडला होता. गं.
मी काही सुधारलं नाही.

त्याच्याही खाली चार बोटं जागा.
"इथे काय?"
"तिची," शाल्मली म्हणाली,
आणि खिळा माझ्या हातात देऊन
हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला रस्ते होते,
ते इतके सरळ कसे काढले.
उरलेल्या दोघी खिडकीखाली
आपसात काही बोलत होत्या.
नचिकेतनं उठून खिडकी उघडली.
रस्ते तिथेच थांबले.