कॉफीचा डबा

ह्रुश्का सर निवृत्त झाले तेव्हा
त्यांनी शॉपच्या किल्ल्या दिल्या,
कुणाच्या तरी कम्बाइनचा अर्धा उघडलेला गिअरबॉक्स
आणि कॉफीचा एक जुना डबा,
दोन्ही हातांनी उचलावा लागेल इतका जड.

डब्यात तुटलेले सांधे.
नववीतल्या पोराचा पहिला सांधा
सर व्हाइसमध्ये आवळायचे, हातोड्याने मोडायचे.
वरून साखळीसारखी सुबक वीण,
आत मळी, पोकळी, जाळी.
"हे बघ," एवढंच म्हणायचे,
आणि तुकड्यावर पांढऱ्या रंगाने नाव घालायचे.

आता मी शिकवते.
नेब्रास्कातला जानेवारी, बाहेर उणे एकवीस,
वाळूच्या टेकड्यांवरचा वारा शटरखालून आत सरपटतो.
मी सांगते, कान द्या.
डोळ्यांच्या आधी कानाला कळतं.
चरचर अडखळली म्हणजे हात अडखळला.

इत्झेलचा सांधा मी मोडला
तेव्हा तिने ओठ चावला.
"वासरांच्या फाटकाला लावणार होते," म्हणाली.

म्हणून मी डबा टेबलावर उपडा केला.
हा बघ ड्युएन स्वोबोदा, आज अग्निशमन दलाचा प्रमुख.
हा बँकेतला क्लेटन.
हे दोघे भाऊ, गावातली निम्मी धान्याची कोठारं यांनी उभारली.
हा लायल. रस्त्यापलीकडे, दफनभूमीत.
आणि तळाशी, गंजून लाल झालेला,
आर. ह्रुश्का, १९७१.

पोरं नावं वाचत राहिली,
कुणाला बाप सापडला, कुणाला बसचा ड्रायव्हर.
इत्झेलने विचारलं, "तुमचा कुठला?"

मी शोधला.
पुन्हा शोधला.
डब्यात एकाही मुलीचं नाव नव्हतं.

मग आठवलं.
सरांनी माझा सांधा उजेडात धरला होता,
त्यावरून अंगठा फिरवला होता हळूच.
"छान आहे गं, पोरी."
आणि खिडकीत ठेवून दिला होता.
व्हाइसकडे वळलेच नाहीत.
ते "छान" मी बावीस वर्षं जपलं,
धान्यात ठेवलेल्या दागिन्यासारखं,
कधी बाहेर काढून न पाहता.

मी हेल्मेट खाली ओढलं.
दोन पट्ट्या, एक रॉड.
हात किंचित थरथरला, कानाला ते कळलं.
सांधा आपसूक निवू दिला, पाण्यात बुडवला नाही.
मग व्हाइस आवळला
आणि हातोडा इत्झेलच्या हातात दिला.

पहिला घाव तिने भीत भीत घातला.
"असा नाही," मी म्हटलं.

पाचव्या घावाला तुटला.
सुरुवातीच्या टोकाशी, आत,
मोहरीएवढा एक बुडबुडा.
अठरा डोकी त्यावर वाकली.
आणि कुणीतरी, न सांगता,
पांढरा रंग आणायला धावलं.