बंद की लाईन गेली

बोरखेडीत आधीचे चौघं म्हणाले, छान आहे ॲप,
आणि चहा पाजला. छान आहे हे वहीत लिहिता येत नाही.
पाचव्या वच्छलाबाई खोब्रागडे.
त्यांनी चक्कीचा पट्टा उतरवला, हात झटकले,
पीठ हवेत थोडा वेळ थांबलं.
"आण तुहा मोबाईल. काय इचारतं मले?"

विचारायचं एवढंच:
कूलर सोडून घरातलं सगळं बंद करा.
करताना मनात येईल ते मोठ्यानं बोला.
मी मदत करायची नाही, मानही हलवायची नाही,
गप्प बसून लिहायचं.
"अन् गप बसाचा पगार भेटते?"
मी हेही लिहून घेतलं.

ज्वारीच्या पिठानं भरलेलं बोट पडद्याला कळेना.
दोनदा दाबलं, पदराला पुसून पुन्हा दाबलं,
मग करंगळी पुढं केली,
जिला दळणात फारसं काम नसतं.

पडद्यावर घर आलं, उतरत्या छपराचं,
पुण्यात आम्ही सहा जणांनी दीड महिना घासलेलं.
चारही खोल्या राखाडी. खाली अक्षरं: सर्व बंद.
त्या अक्षरं वाचतच नव्हत्या.
मान वर करून ट्यूबलाईट पाहिली,
मग मागं वळून कूलर.
"हा काऊन बंद पडला वं? म्या तं याले हात नाई लावला."
मी गप्प.
मे महिना, दुपारचे तीन,
कूलरच्या वाळ्यातून उरलेलं पाणी टपटपत होतं.

त्या उठल्या. चाचणीत उठायचं नसतं,
पण चाचणी लिहिणाऱ्यानं हिंगणघाटचा मे पाहिलेला नव्हता.
चक्कीच्या लोखंडी पेटीवर तीन दिवे,
लाल, पिवळा, निळा,
तिन्ही विझलेले.

"हे पाय. लाईन गेली. अन् तुहं हे म्हनते बंद.
बंद म्हंजे म्या केलं. गेली म्हंजे गेली.
दोन्हीले एकच शब्द कसा लावला तुमी?
थो सुमेध पुन्यात बसून पाह्यते,
त्याले वाटते माय कूलर बंद करून घामात बसली,
पैसे वाचवून राह्यली.
मंग फोन करते अन् भांडते.
महिना झाला, रोज एकच भांडन."

महिना झाला.
आमचं घर राखाडी होत होतं आणि
पुण्यात एक मुलगा आईवर ओरडत होता.

परतल्यावर मी भिंतीवर तीन ठिपके काढले,
लाल, पिवळा, निळा. कोणी म्हणालं, दिवाळी आहे का?
अनिकेतनं मात्र खरी अडचण सांगितली:
लाईन गेली की वायफायही जातं,
मग नेमकं काय गेलं, ते ॲपला कळणार कसं?
मी वच्छलाबाईंना फोन लावला.
चक्की चालू होती, त्या ओरडून बोलल्या,
"नाई माईत तं नाई माईत म्हना!
मानूस म्हनते, त्याले कायची लाज?"

त्या वाक्यावर तीन बैठका झाल्या.
कंपनीला 'माहीत नाही' हे शब्द बटणावर नको होते.
'संपर्क तुटला' चाललं असतं, 'कृपया प्रतीक्षा करा' चाललं असतं.
शेवटी राखाडी घराखाली बारीक अक्षरात आलं:
माहीत नाही. घरी विचारून पाहा.

जुलैत पुन्हा गेले. करंगळी आली,
मान वर गेली, मागं गेली,
या वेळी पडद्याकडंही आली.
"सुमेध आता भांडत नाई," त्या म्हणाल्या,
"इचारते, माय, लाईन हाय का?
दिवसातून चारदा इचारते. कामधंदा नाई का त्याले?"
मी हेही लिहिलं. कुठल्या रकान्यात टाकायचं, कळेना.

पेटीवरचे तिन्ही दिवे लागले.
त्यांनी पट्टा चढवला,
माझा पुढचा प्रश्न चक्कीखाली गेला,
आणि दारात, आधी नंबर कोणाच्या डब्याचा
यावरून दोन पोरी भांडायला लागल्या.